चाराचे शेवटी दोनच

आमच्या घरात मोजायला सुरुवात एकापासून होत नसे. सकाळी मळ्यातली मेथी शेडमध्ये ओल्या गोणपाटावर पसरलेली असायची, नाना, म्हणजे माझे वडील, उकिडवे बसून जुड्या कॅरेटमध्ये रचायचे आणि पहिली जुडी ठेवताना म्हणायचे, "लाभ." मग दोन, तीन, चार. एक म्हणायचं नाही. त्यांचे वडील तसं मोजायचे, म्हणून तेही तसंच मोजायचे. पलीकडे आई आणि काकू शेवंतीच्या माळा करत असायच्या, बोअरची मोटर घरघरत असायची, आणि दारातल्या लोखंडी खुर्चीवर आप्पा चहा बशीत ओतून भुरके मारत बसलेले असायचे. आप्पा नानांचे थोरले भाऊ. फुलबाजारातला गाळा आप्पांच्या नावावर, मळ्याच्या उताऱ्यावर पहिलं नाव आप्पांचं, रेशनकार्डावरही त्यांचंच. घरात कुणी किती शिकायचं, कुणाचं लग्न कधी करायचं, एवढंच काय, आज शेंगोळे करायचे की पिठलं, हेही त्यांच्याच तोंडून ठरायचं. नाना त्यांच्यासमोर मान खाली घालून जुड्या मोजायचे. माणूस फार गोड होता, पण मला त्या मान खाली घालण्याचा तेव्हाही राग यायचा आणि अजूनही येतो.

नाशिकला मखमलाबादकडच्या रस्त्याला आमचा मळा होता. आता तिथे सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांना फुलांची नावं दिलेली आहेत, म्हणजे झेंडू उपटून पाटीवर झेंडू लिहिल्यातला प्रकार. त्या काळी मात्र तिथून सिटी बसनं कॉलेजला जायचं म्हणजे डब्यातली भाकरी वाकडी व्हायची. मी बारावी सायन्सला होते. घरातली सायन्सला गेलेली पहिली मुलगी, त्यामुळे पाहुणे आले की मला बाहेर बोलावून दाखवत, आणि पाहुणे गेले की मेथी निवडायला बसवत. मेथी निवडता निवडता मी आकड्यांशी खेळायची. बसच्या तिकिटावरच्या आकड्यांची बेरीज कर, ती पुन्हा बेरीज कर, नवाच्या पाढ्यातल्या अंकांची बेरीज नऊच का येते ते बघ, असे बिनकामाचे उद्योग. बारावीच्या गणितात त्याला एक मार्क नव्हता. आमच्या घरात ज्याला भाव येत नाही त्याला कचरा म्हणत, त्यामुळे मी या खेळाबद्दल कुणाजवळ बोलत नसे. लाज वाटायची म्हणून नव्हे. माझ्या वस्तूला कुणी कचरा म्हटलेलं मला चालत नाही, एवढंच.

त्याच वर्षी कॉलेज रोडला एका कापडाच्या दुकानाखाली तळघरात सायबर कॅफे निघाला. मैत्रीण ई-मेलचं खातं उघडायला गेली, तिच्याबरोबर मी गेले. ती तिचं काम आटपून निघून गेली आणि मी बसून राहिले. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्याला गडद निळा पडदा, आत एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि एक भलामोठा मॉनिटर. उदबत्ती, ओलसर भिंत आणि गरम झालेली यंत्रं यांचा मिळून एक वास. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं जाताना जो किंचाळल्यासारखा आवाज यायचा, तो ऐकला की मी खुर्ची पुढे ओढायची. कॅफे चालवणारा मनोज नावाचा मुलगा होता, पॉलिटेक्निक अर्धवट सोडलेला, स्वभावानं सरळ. मी शोधायच्या चौकटीत मोडक्या इंग्रजीत आकड्यांच्या गमती असं काहीतरी लिहिलं आणि बसले. पान वरून खाली एकेक ओळ करत उतरायचं. त्या उतरण्याची वाट बघण्यात जी मजा होती, ती आताच्या मुलांना सांगूनही कळत नाही. मेडिकलच्या काउंटरवर बसून मी हे लिहिते आहे, समोर माझा भाचा मोबाइलवर अंगठा फिरवतोय, आणि पान उघडायला दोन सेकंद लागले तरी तो सुस्कारे टाकतोय.

तर त्या दिवशी माझ्यासमोर एका म्हाताऱ्या गृहस्थांची वेबसाइट उघडली. नाव हॅलम, राहणार स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा गावात, टपालखात्यातून निवृत्त. आकड्यांच्या गमती गोळा करणं हा त्यांचा छंद. त्यात एक खेळ होता. मनात कुठलाही आकडा धरायचा, तो इंग्रजीत लिहायचा आणि त्याच्या स्पेलिंगमधली अक्षरं मोजायची. सेव्हन घेतला तर अक्षरं पाच. मग फाइव्हची अक्षरं मोजायची, ती चार. फोरची अक्षरं मोजायची, तीही चार. झालं, गाडी चारावर येऊन थांबली. कुठल्याही आकड्यापासून निघा, हजार घ्या नाहीतर लाख घ्या, इंग्रजीत शेवटी चारच. मी घेऊन बघितले, प्रत्येक वेळी चार. खाली एक तक्ता होता. कुठल्या भाषेत हा खेळ कुठे थांबतो, त्याचा. जर्मन चारावर. इटालियन तिनावर. स्पॅनिश पाचावर, नाहीतर चार आणि सहा यांच्यामध्ये फेऱ्या घालत बसतो. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ही माहिती ज्यानं कळवली त्याचं नाव. मी मराठी शोधली, आणि सापडली की! मराठी, चार. माहिती कळवणारा, भारतात एक हिवाळा राहून गेलेला प्रवासी.

मला आधी आनंद झाला आणि मग काहीतरी खटकलं. चारमध्ये चार अक्षरं? चा आणि र, दोन अक्षरं. मग लक्षात आलं. त्या प्रवाशानं आमचे आकडे इंग्रजी लिपीत लिहून मोजले होते. सी, एच, ए, आर, झाले चार! माझं डोकं सटकलं आणि मी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या कप्प्यातल्या मुलानं पडद्यातून डोकावून बघितलं. माझी भाषा, तिचे आकडे, आणि मोजायला माप दुसऱ्याच्या घरचं. एक हिवाळा राहून गेला आणि जगाला सांगून मोकळा झाला.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीच्या ढिगाशी बसल्या बसल्या मी स्वतः मोजायला घेतलं. नाना म्हणाले, "लाभ." ला, भ. दोन. लाभ म्हणजे एक, ए आणि क, तेही दोन. मग दोन, त्यात दो आणि न. तीन, त्यातही दोन अक्षरं. चार, दोन. पाच, दोन. सहा, सात, आठ. माझा हात थांबला. नऊ, दोन. दहा, दोन. मी शून्य आठवून बघितलं, शू आणि न्य, दोन. अरेच्चा! आपल्या मराठीत एकापासून दहापर्यंतच्या प्रत्येक आकड्याला दोनच अक्षरं आहेत. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. म्हणजे कुठलाही आकडा घ्या, अक्षरं मोजता मोजता तो दहाच्या आत येणार, आणि तिथे सगळ्यांना दोनच अक्षरं. एकोणपन्नासची सहा, सहाची दोन, दोनची दोन. नव्व्याण्णवची चार, चाराची दोन. इंग्रजीत वळणं घेत घेत चारावर पोचतात, आपल्याकडे सगळे सरळ दोनावर येऊन बसतात. शंभर आकडे तपासायची गरजच नव्हती, पहिल्या दहांनीच निकाल लावून टाकला होता. मी इतक्या मोठ्यानं हसले की काकूच्या हातातली सुई बोटात गेली. "काय झालं गं?" आई म्हणाली. मी म्हटलं, "काय नाय. सगळे दोन हायेत." आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मला त्या क्षणी जे वाटलं ते नंतर फारसं कधी वाटलं नाही. लग्नाच्या दिवशीही नाही, दुकान स्वतःच्या नावावर झालं तेव्हाही नाही. लाखो माणसं रोज हे आकडे बोलतात, बाजारात ओरडतात, आणि हे कुणी बघितलेलं नाही, मी बघितलं. कदाचित माझ्या आधी शंभर जणांनी बघितलं असेल, पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं आणि आज सांगितलंत तरी मी ऐकणार नाही.

मी शनिवारी हॅलमना लिहिलं. कॅफेत स्कॅनर होता, कागदावर मराठी आकडे मोठ्या अक्षरात काढून त्याचं चित्र पाठवलं, आणि खाली लिहिलं की मराठीचा रकाना चुकलाय, चार नाही, दोन हवं. पुढच्या शनिवारी उत्तर होतं. म्हातारा सभ्य होता, पण हट्टी. त्यानं लिहिलं होतं की मी चित्र भिंगाखाली धरून बघितलं, तुमच्या 'दोन'मध्ये मला तीन खुणा दिसतात, पहिलं अक्षर, त्याच्या डोक्यावर निघालेली काठी, आणि शेवटचं अक्षर. मग तुम्ही दोन कसे म्हणता? मला असा नियम सांगा, जो मराठी न येणाऱ्या माणसालाही लावता येईल. नाहीतर आहे तेच राहू देतो. मी पडद्यामागे बसून विचार करत राहिले. मात्रा हे वेगळं अक्षर नाही, हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं, पण माहीत असलेलं सिद्ध कसं करायचं? वेळ संपला तरी मला नियम सुचला नव्हता. मी बाहेर आले, जिना चढून रस्त्यावर आले, आणि समोर आप्पा त्यांच्या एम-एटी गाडीवर.

त्यांनी मला मागे बसवून घरी आणलं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली, भाकरी तव्यावर होती, तेव्हा आप्पांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"तळघरात काय करत व्हती तू?" आप्पा म्हणाले.

"आकडे मोजत व्हते."

"पडद्याआड? आकडे मोजायला पडदा कशाला लागतो? तिथं पोरं काय बघतात ते सगळ्या नाशकाला ठाऊक हाय. आन् आपल्या घरची पोरगी तिथून वर येती. चार लोक काय म्हणतील?"

मी गप्प बसायला हवं होतं, असं आई अजूनही म्हणते. पण चार म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, चाराचे शेवटी दोनच होतात."

"काय?"

"चारमधी अक्षरं दोन. तुमचे ते चार लोक मोजले तर दोनच भरतात. एक तुम्ही, आन् दुसरं कोण ते तुम्हीच सांगा."

काकूच्या तोंडातून हुंदक्यासारखा आवाज आला. ते हसू होतं हे मला पुष्कळ वर्षांनी तिनंच सांगितलं. आप्पा उठले. त्यांनी हात उगारला, आणि मी मागे सरले नाही. ते बघून त्यांनी हात खाली घेतला. मारलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्याऐवजी ते शांतपणे म्हणाले, "तळघर बंद. पुन्हा दिसली तर कालेज बी बंद." मी नानांकडे बघितलं. नाना ओट्याच्या कडेवरची माती नखानं खरवडत होते. आई भाकरी उलटायला आत गेली आणि जळल्याचा वास येईपर्यंत ती तव्यावरच राहिली.

पुढचा सगळा आठवडा मी घरात सरळ बोलले नाही, जेवले मात्र पोटभर. उपाशी राहून रुसणाऱ्यातली मी नव्हे. रोज सकाळी जुड्या मोजल्या जायच्या आणि माझ्या डोक्यात तो नियम फिरायचा. आणि तो सुचला तो आमच्या शेजारच्या छोट्या पोरीमुळे. ती अंगणात पाय पसरून पाटीवर बाराखडी घोकत होती, द दा दि दी, दु दू दे दै, दो. दो! तिनं त्या दोच्या आधी श्वास घेतला आणि पाटीवर एका चौकोनात तो लिहिला. बाराखडीत जे एका घरात मावतं ते एक अक्षर. काठी कितीही असो, वेलांटी असो, कानामात्रा असो, घर एकच. आणि दोन अक्षरं एकमेकांत घुसली तर आपण त्याला जोडाक्षर म्हणतो, जोडाक्षरं म्हणत नाही. भाषेनं स्वतःच निकाल देऊन ठेवलाय. मला आता काही करून ते कळवायचं होतं.

शनिवारी सकाळी न्याहारीला सगळे बसले होते. मी दप्तर खांद्याला लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी कॉलेज सुटल्यावर तळघरात जाणार हाय. लपून नाय जाणार. ज्याला बघायचं त्यानं यावं." चपला घातल्या आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही, कारण वळले असते तर आईचा चेहरा दिसला असता.

आप्पा आले. मी जिना उतरत होते तोवर मागे त्यांच्या करकर वाजणाऱ्या चपला. पांढरा सदरा, गांधीटोपी, हातात किल्ली. कॅफेतली पोरं गडबडली, दोन-तीन पडदे घाईघाईनं ओढले गेले. मी माझ्या नेहमीच्या कप्प्यात गेले, आणि त्या निळ्या पडद्याची तार दोन्ही खिळ्यांवरून काढली. पडदा गुंडाळला आणि मनोजच्या टेबलावर नेऊन ठेवला. "हा मला नको," मी म्हटलं. मनोज म्हणाला, "ताई, मग सगळ्यांना दिसंल." मी म्हटलं, "दिसू दे. त्यासाठीच काढला." त्या दिवसानंतर मी तिथे होते तोवर तो कप्पा उघडाच राहिला, आणि दुसऱ्या मुलीही तिथेच बसायला लागल्या, हे मनोजनं मला पुढे सांगितलं. मला आजही कुणी विचारलं की आयुष्यात काय केलंस, तर मी आधी हे सांगते.

आप्पा माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि मॉनिटरकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू त्यातून आत्ता काहीतरी वंगाळ निघणार. निघाला तो तक्ता. मी त्यांना एकेक ओळ मराठीत समजावून सांगितली, हॅलमचं पत्रही वाचून दाखवलं. 'दोन'मध्ये तीन खुणा आहेत हे वाक्य आलं आणि आप्पा स्टुलावरून अर्धे उठले.

"दोनमधी तीन? डोकं फिरलं का त्याचं?" त्यांनी बोटावर मोजलं. "दो. न. दोन! तिसरं कुडून काढलं त्यानं?"

"मात्रा मोजली त्यानं."

"मात्रा मोजतात का कुडं? उद्या टोपीसकट मला दोन माणसं म्हणंल तो!" सगळी पोरं पडद्याबाहेर डोकी काढून ऐकत होती. "लिही त्याला. लिही, आमच्या गावात येऊन बघ म्हणावं."

मी बाराखडीच्या घराचा नियम लिहिला, जोडाक्षराचं लिहिलं, एकोणपन्नासचं सहा अक्षरांचं उदाहरण दिलं. शेवटी, आप्पा खांद्यावरून वाकून बघत होते म्हणून, एक ओळ टाकली की माझे काका शेजारी बसले आहेत आणि तेही दोनच म्हणतात. पाठवून दिलं. जिना चढताना आप्पांच्या कानाची पाळी लाल झाली होती. मला वाटलं, आता हा माणूस बदलला. रस्त्यावर आल्यावर ते एम-एटीला किक मारत म्हणाले, "झालं ना तुझं? आता पुन्हा यायचं नाय." बदलण्याबिदलण्याचं काही नव्हतं. परक्या माणसानं मराठीला तीन म्हटलेलं त्यांना चालत नव्हतं, एवढंच.

मध्यंतरी शाळेच्या पुस्तकात बावीसला वीस दोन, त्रेपन्नला पन्नास तीन असं वाचायची पद्धत आली, तेव्हा माझ्या दुकानात येणाऱ्या आयांचं त्यावरून भांडण चाललं होतं. मी काउंटरच्या आत उभी राहून आधी मोजून घेतलं. वीस दोन, अक्षरं चार, चाराची दोन. म्हटलं, भांडा खुशाल, माझं काही बिघडत नाही.

तर त्या पत्रानंतरच्या शनिवारी मी पुन्हा गेले, अर्थातच सांगून. आप्पांनी अडवलं नाही, कारण निकाल त्यांनाही हवा होता. तक्ता उघडला. पान वरून खाली उतरत आलं, इटालियन गेली, जर्मन गेली, आणि मराठी आली. मराठी, दोन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पान आणखी थोडं सरकलं आणि शेवटचा रकाना दिसला. माहिती कळवणारे, एका शाळकरी मुलीचे काका, नाशिक.

मी ते कितीतरी वेळ बघत बसले. म्हाताऱ्याला वाटलं असणार, पोरगी कळवतेय पण खरा जाणकार शेजारी बसलेला वडीलधारा माणूस. सभ्यपणानं त्यानं मान ज्याचा त्याला दिला होता. मनोजनं प्रिंट काढून दिली. घरी गेल्यावर मी ती कुणाच्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. आप्पांनी उचलली, मला वाचायला लावली, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी ते प्रिंट घेऊन बाजारात गेले, तिला प्लॅस्टिक चढवून आणलं आणि गाळ्यात टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, विलायतेत आपलं नाव हाय, मराठीत मीच त्याला सरळ केलं. फुलं घ्यायला येणारे लोक मान डोलवायचे. आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आप्पा मला म्हणाले, "जात जा तू शनिवारचं. मी कुणाला बोलू देणार नाय."

झालं होतं ना सगळं? जायला परवानगी मिळाली होती, कॉलेज वाचलं होतं, मराठीपुढे दोन लागलं होतं. आईनं मला मोरीजवळ गाठलं. "राहू दे गं," ती हळूच म्हणाली. "नाव काय खायचं? जाऊ देतायत ना? गप बस." ती माझ्या भल्याचंच बोलत होती. तिनं स्वतः आयुष्यभर तेवढंच केलं होतं, जे मिळतंय ते मिळू द्यायचं आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्या राहू द्यायचं. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला. मी म्हटलं, "आई, ते मी शोधलं." ती म्हणाली, "मला ठाऊक हाय की." मी म्हटलं, "तुला ठाऊक असून काय उपयोग?" ती पाण्याची कळशी उचलून आत गेली.

मी आप्पांना तोंडावर सांगितलं. नाना तिथेच होते, सकाळची वेळ, जुड्या चालू होत्या. मी म्हटलं, "आप्पा, मी त्या म्हाताऱ्याला लिहिणार हाय. ते नाव चुकलंय. तिथं माझं पाहिजे."

आप्पा हसले. "अगं, माझं काय आन् तुझं काय? घरातलंच नाव हाय ना? आडनाव तर एकच."

"मग माझं असलं तर काय बिघडतं?"

आप्पांचं हसू गेलं. "गाळ्यात टांगलंय मी ते. लोकांना काय सांगू, पोरीनं खोटं पाडलं?"

"खरं सांगा," मी म्हटलं. "खरं सांगायला काय लागतं?"

"वैशे!" नाना म्हणाले. मोजणं चुकलं असावं, कारण ते कॅरेट रिकामं करून पुन्हा लाभपासून रचायला लागले. माझ्या बाजूनं एक शब्द नाही, फक्त माझं नाव, तेही गप्प करायला. नाना गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी त्यांच्यासाठी रडले, अजून रडते, पण त्या सकाळचा राग काही माझ्या मनातून गेलेला नाही.

"लिहिलंस तर शनिवार बंद," आप्पा म्हणाले.

"लिहिणार," मी म्हटलं.

लिहिलं. पत्र छोटं होतं. माझे काका सज्जन आहेत, पण नियम मी शोधला, मोजलं मी, चूकही मीच दाखवली, कृपया नाव दुरुस्त करा. म्हाताऱ्याचं उत्तर लगेच आलं, त्यानं चारदा माफी मागितली होती आणि विचारलं होतं, पूर्ण नाव काय लावू? मी लिहायला घेतलं. वैशाली, एवढं लिहिलं. पुढे नानांचं नाव येणार, त्याच्यापुढे आडनाव. तेच, जे उताऱ्यावर होतं, गाळ्यावर होतं, रेशनकार्डावर होतं. मागे मनोज आणि दोन मुली उभ्या राहून बघत होत्या, पडदा नव्हताच. मी नानांचं नाव लिहिलं नाही. आडनावही लिहिलं नाही. स्वल्पविराम दिला, नाशिक लिहिलं आणि पाठवून दिलं.

नवी प्रिंट मी स्वतः गाळ्यात नेऊन आप्पांच्या हातात दिली. भर बाजाराची वेळ होती, समोर झेंडूचे ढीग, गिऱ्हाईक उभं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो रकाना कुठे असतो ते आता पाठ झालं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

"वैशाली, नाशिक."

"आन् आडनाव? आडनाव कुडं हाय?"

"ते तुमच्याकडंच राहू द्या," मी म्हटलं, आणि कॉलेजची बस पकडायला निघाले.